समुद्र, आजी आणि पांढरे लुगडे



वाचकहो, शिष्यवृत्तीचे अर्ज, हुंड्याची प्रकरणे आणि विहाराच्या वीजबिलाचा घोळ हे आपले नेहमीचे विषय पुढच्या अंकी आहेतच. आज एका चित्राविषयी लिहायचे आहे.

अंथुर्ण्यात आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदना झाली की मुले जुनी वर्तमानपत्रे अंथरतात, मग पाण्याने भरतात आणि चित्रकलेचा वर्ग सुरू होतो. हा वर्ग आमचा धाकटा चुलतभाऊ घेतो. तो ए.टी.डी. झालेला आहे. एके काळी इंदापूर तालुक्यातील कितीतरी दुकानांच्या पाट्या आणि जयंतीचे बॅनर त्याच्या हातचे असत. पुढे फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश घरी बसला. आता तो मिळेल ते काम करतो आणि रविवारी मुलांना फुकट शिकवतो. कागद आणि रंग जयंतीच्या शिल्लक वर्गणीतून घेतले. त्या वेळी कमिटीत बरीच वादावादी झाली. एका रात्रीच्या डीजेला लागतात त्याच्या कितीतरी कमी पैशांत बारा मुलांचे वर्षाचे कागद येतात, हा हिशेब आम्ही पाटीवर मांडून दाखवला, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. बी.कॉम. झाल्याचा एवढा तरी उपयोग.

तर त्या रविवारी सातवीतील एक मुलगी आली आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिली. ब्रशला हात लावेना. बऱ्याच वेळाने तिने दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढला. शाळेत 'समुद्रकिनारा' हा विषय स्मरणचित्राच्या सरावासाठी दिला होता. तिने काढले होते ते असे : वर निळे आकाश, मध्ये निळा समुद्र, आणि खाली वाळूवर माणसेच माणसे. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी. एक बाई पाण्याकडे तोंड करून हात जोडून उभी. शिक्षकांनी कागद वर्गात उंच धरून विचारले होते, "हा समुद्रकिनारा आहे का मोर्चा?" वर्ग हसला. नारळाचे झाड, होडी, रंगीत छत्री आणि चेंडू खेळणारी मुले घालून परत काढून आण, असे तिला सांगण्यात आले.

आम्ही विचारले, "मग तू काय म्हणालीस?"

"काय न्हाय म्हनले. काका, मी दुसरा समुद्रच बघितला न्हाय."

खरेच आहे. आमच्या भागातील मुलाला पाणी म्हणजे नीरा डावा कालवा आणि त्याच्या पाण्यावरचा ऊस. फार तर भिगवणकडे गेले तर उजनीचे पाणी आणि त्यावरचे रोहित पक्षी. समुद्र बघायचा तो सहा डिसेंबरला, दादरला. आई-बापाच्या, आजीच्या बोटाला धरून भिगवणला गाडी पकडायची, उभ्याने प्रवास करायचा, रांगेत तासन् तास सरकायचे, चैत्यभूमीवर डोके टेकायचे आणि मग मागे वाळूवर येऊन भाकरी सोडायची. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना ज्या किनाऱ्यावर अग्नी दिला गेला आणि जेथे जमलेल्या हजारोंनी त्याच वेळी धम्माची दीक्षा घेतली, तोच आपल्या लेकरांचा समुद्र. तेथे छत्र्या नसतात. तेथे गर्दी असते, हुंदके असतात, पुस्तकांच्या दुकानांतले आवाज असतात. या मुलीने आठवेल ते काढले. स्मरणचित्र म्हणजे दुसरे काय असते?

आमचा संताप झाला होता. उद्याच शाळेत जातो म्हणालो. पण चुलतभाऊ कागद घेऊन दाराच्या उजेडात उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, थांबा जरा. चित्रात चुका हायेत. पण शाळेनं सांगितली ती चूक न्हाय."

त्याने तिला जवळ बसवले. "दादरचा समुद्र निळा असतो का गं?"

मुलगी विचारात पडली. "न्हाय. पुराच्या पान्यावानी असतो. पन चकाकतो."

"मग निळा का दिलास?"

"समुद्र निळाच देत्यात."

येथून खरा वर्ग सुरू झाला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्या दिवशी पोरांच्या ओळीत एक कागद घेऊन बसलो.

पद्धत अशी. कागद फळीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का करायचा, नाहीतर पाणी लागले की तो पापडासारखा फुगतो. पेन्सिलीने दोनच खुणा : क्षितिजाची रेषा आणि माणूस उभे राहणार ती जागा. बाकी काही नाही. आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करून घ्यायचा आणि ओल्यावरच पातळ रंग सोडायचा. वरती अल्ट्रामरीन निळा, खाली क्षितिजाकडे येता येता यलो ऑकरचा अंश. रंग आपोआप एकमेकांत उतरतात. ब्रश फिरवत बसायचे नाही. समुद्रासाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की एक राखी रंग होतो, त्यात थोडा ऑकर घातला की झाले दादरचे मातकट पाणी. हा रंग मात्र कोरड्या कागदावर, ब्रश आडवा धरून भरभर ओढायचा. कागदाच्या खरखरीतपणामुळे मधे मधे पांढरे ठिपके राहून जातात. तेच लाटांवरचे ऊन. मुलीला हवी होती ती चकाकी ब्रश न लागलेल्या जागेतून आली, हे पाहून बारा पोरे एकदम "आं!" म्हणाली.

वाळू म्हणजे ऑकर आणि किंचित सिएना. पाण्याजवळची वाळू ओली असते, म्हणून तेथे आकाशाचा रंग थोडा खाली उतरवायचा, आणि माणसाचे प्रतिबिंब रंग ओला असतानाच सरळ खाली ओढायचे.

मग माणूस. येथे सगळी पोरे अडतात. आधी डोके काढतात, ते भोपळ्याएवढे होते, मग त्यात डोळे, नाक, बटणे, चपलेचे पट्टे. भावाने सांगितले, उभे माणूस त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट असते, तेव्हा डोके म्हणजे नुसता ठिपका. अंग गाजरासारखे, वर रुंद, खाली निमुळते. पाय नीट काढायचे नाहीत. नीट काढले की माणूस खिळ्यासारखे वाळूत रुतते, चालत नाही. आणि गर्दी काढायची तर अजून एक गोष्ट. सपाट वाळूवर आपण उभे राहून पाहिले तर आपल्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, क्षितिजाच्या रेषेवरच येतात. पाय तेवढे खालीवर होतात. आम्ही हे ऐकले आणि खिशातील वहीत टिपून घेऊ लागलो. भावाने ओळखले. "दादा, भाषण मागनं. आधी रेघ सरळ काढा."

आमचे चित्र मात्र बिघडले. आमचा जन्म कचेरीत रकाने भरण्यात चालला आहे. रकाना रिकामा दिसला की आम्हाला चैन पडत नाही. समुद्रात पांढरे ठिपके राहिले, ते आम्ही एकेक करून बुजवले. आकाश वाळत आले असताना त्यात आणखी एक ढग घालायला गेलो. शेवटी ताकात चटणी कालवावी तसा रंग झाला. जलरंगात केलेले पुसून टाकता येत नाही आणि वरून पांढरा फासला तर लगेच कळते. कुठे हात थांबवायचा, हेच त्यातले अवघड काम दिसते.

पण त्या दिवशी आमच्या मनात राहिले ते वेगळेच. मुलीने विचारले, "काका, लुगडं पांढरं हाय. पांढरा रंग तर पेटीत संपलाय." भाऊ म्हणाला, "पांढऱ्या लुगड्याला रंग लागतच न्हाय. लुगड्याची जागा सोडून द्यायची. भोवतीनं समुद्र रंगवायचा, वाळू रंगवायची. मधे कागद उरंल, तेच लुगडं." तिने तसे केले. राखी पाण्याचा ब्रश तिने कडेकडेने आणला, जागा वगळली, एका बाजूला निळसर सावलीची एकच पुसट रेघ ओढली, हाताच्या आणि मानेच्या जागी सिएनाचे दोन ठिपके दिले. आणि बघता बघता कागदातून बाई उभी राहिली. 'वगळणे' हा शब्द आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. पण वगळलेल्या जागेतून असे माणूस उभे राहताना आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिले.

अशा सैल हाताच्या चित्रांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात. इम्प्रेशन म्हणजे मनावर पडलेली पहिली छाप. पॅरिसमध्ये १८७४ साली काही चित्रकारांनी स्वतःचे प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने याचे बंदरावरील सूर्योदयाचे चित्र होते. त्याच्या नावात 'इम्प्रेशन' शब्द होता. एका टीकाकाराने त्यावरून या सगळ्या मंडळींची टिंगल केली, आणि टिंगलीचेच नाव त्यांना पुढे कायमचे पडले. याच मोनेने १८७० साली फ्रान्समधील त्रुव्हील या गावच्या किनाऱ्यावर बसून तैलरंगात दोन बायका रंगवल्या. तोंडे जेमतेम सुचवलेली, चारदोन फटकाऱ्यांत कपडे. ते चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगात किनाऱ्यावरील वाळूचे कण चिकटलेले सापडले आहेत. म्हणजे हा माणूस खरोखर वाळूत बसून, दिसले ते काढत होता.

त्याला दिसले ते काय? सुटीला आलेल्या, चांगल्या घरच्या बायका. हातात छत्री, कारण ऊन लागू नये. त्यात त्याची चूक नाही. त्या किनाऱ्यावर तसेच लोक येत. गंमत अशी की दीडशे वर्षे लोटली, तरी तीच छत्री आमच्या इंदापूर तालुक्यातील मुलांच्या वहीत उघडलेली आहे, आणि ती नसेल तर चित्र चुकते! ज्याने दिसेल ते काढायला शिकवले त्याची छत्री तेवढी उचलायची आणि डोळे मात्र उसने ठेवायचे, याला कला म्हणत नाहीत. आम्ही शाळेत गेलो तेव्हा हेच बोललो. भांडलो नाही. शिक्षक वयाने लहान आहेत, त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते कळले नाही.

आता खरी अडचण सांगतो. ती शाळेत आली नाही, घरात आली.

चित्र वाळल्यावर मुलगी ते घेऊन आजीकडे गेली. चित्रातील बाई म्हणजे तिची आजी. म्हातारी वर्षानुवर्षे सहा डिसेंबरला दादरला जात आली आहे. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतले होते आणि "येवढं पानी, आन् खारट!" म्हणून कपाळाला हात लावला होता, ही गोष्ट ती अजून सांगते. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आहे. डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हणून सांगितले. म्हणून नातीने तिला कागदावर तेथे नेऊन उभे केले होते.

आजीने चित्र लांब धरले, जवळ धरले. म्हणाली, "माझं तोंड कुठं हाय?"

"आजी, लांबून असंच दिसतं."

"दिसंना का. मला डोळं न्हाईत, नाक न्हाई. ह्यात मी कोन हाय?"

मुलगी हिरमुसली. आम्ही समजावायला गेलो आणि आमचीच जीभ अडखळली. कारण म्हातारीचे चुकले कुठे? आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या तोंड नव्हते. गावच्या चित्रात आपण कडेचे ठिपके होतो. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. त्यातील चष्म्याच्या काचेची चमकसुद्धा स्वच्छ दिसली पाहिजे असा आपला आग्रह असतो, तो उगाच नाही. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले, आणि बुद्ध रंगवला तो मिटल्या डोळ्यांचा नव्हे, उघड्या डोळ्यांचा. जगाकडे पाहणारा. मग त्यांच्या लेकरांनी डोळे नसलेली माणसे का काढावीत?

जलरंगात तोंड काढता येत नाही असेही नाही. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांनी हातात दिवा धरलेली मुलगी जलरंगातच रंगवली; त्यांची स्वतःची कन्या त्यासाठी उभी राहिली होती. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर असा पडला आहे की म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक ते चित्र मुद्दाम बघायला जातात. तेव्हा 'जलरंग आहे, तोंड येत नाही' हे उत्तर आजीला देणे म्हणजे फसवणूक झाली असती.

आम्हाला एक जुना प्रसंग आठवला तो तिला सांगितला. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन चैत्यभूमीला गेलो होतो. शिवाजी पार्कच्या बाजूला गर्दीचा लोट आला आणि आईचा हात सुटला. दोन तास आम्ही वेड्यासारखे फिरत होतो. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारत होते, त्यात तिचे नाव दिले, उपयोग झाला नाही. हजारो पांढरी लुगडी. तोंडे बघत बघत गेलो तर एकही ओळखीचे दिसेना. शेवटी पाण्याच्या कडेला, संध्याकाळच्या उजेडात, पाठमोरी एक बाई दिसली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. ऊसतोडीत मोळ्या वाहून आईचा खांदा तसा झाला होता. तोंड दिसायच्या आधी, एवढ्या लांबून, आम्ही हाक मारली. ती तीच होती.

आजीने ऐकून घेतले. ती मनाशी काहीतरी जुळवत होती. मग तिने चित्र पुन्हा हातात घेतले, खांद्याकडे पाहिले, पदराकडे पाहिले, आणि म्हणाली, "वाकून उभी हाय ती माझ्यावानीच हाय. पर पिशवी कुठं हाय? पिशवीबिगार मी कवा गेले?"

मुलगी धावत विहारातून ब्रश घेऊन आली. सहा नंबरचा ब्रश, गडद निळा रंग, आकृतीच्या हाताशी एकच ठिपका, खाली प्रतिबिंबात त्याची पुसट सावली.

"आता हाय," आजी म्हणाली. आणि लगेच बोट वर करून, "पर ध्यानात ठेव, बाबांचं तोंड असलं काडू नगंस. त्येंचं डोळं नीट काड."

आमच्या मनात मात्र तिचा पहिला प्रश्न अजून आहे. पाठमोरी आई ओळखणे हे लेकराचे काम. परक्याने ते चित्र पाहिले तर त्याला एक ठिपकाच दिसेल. तेव्हा मुलांनी दोन्ही शिकले पाहिजे, सैल हातही आणि डोळ्यांत डोळे घालून काढलेले तोंडही, असे आम्ही भावाला सांगितले आहे. या महिन्यापासून तो एक रविवार निसर्गाला आणि एक रविवार माणसाच्या चेहऱ्याला देतो. वस्तीतील म्हातारी माणसे पाळीपाळीने समोर बसतात. पहिल्या दिवशी एक आजोबा हलू नये म्हणून श्वास रोखून बसले आणि ठसका लागून उठले.

मुलीची आई खुरपणीला जाते. पुढच्या वर्षी एलिमेंटरीचा फॉर्म भरायचा म्हटल्यावर तिने सरळ विचारले, "भाऊ, चित्रं काढून पोट भरतं का?" आम्ही खोटे बोललो नाही. आमचा चुलतभाऊ तिच्या डोळ्यांपुढेच आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, हे तिला सांगितले. तो मुद्दा तिला ताबडतोब पटला. मोटारचालकाच्या पोटी जन्मलेला, मुंबईत लोकांच्या घरी राबून मोठा झालेला के. एच. आरा हा पोरगा पुढे देशातील नावाजलेला चित्रकार झाला, हेही सांगितले; ते तिने ऐकून सोडून दिले. फॉर्म भरायचे ठरले, एवढे खरे. फीचे आम्ही बघू.

सहा डिसेंबर जवळ आला आहे. मुलगी यंदा शेजारच्या मंडळींबरोबर जाणार आहे. पोस्टकार्डाएवढे कापलेले कागद, चार रंगांच्या वड्या, पाण्यासाठी औषधाची रिकामी बाटली आणि एक ब्रश एवढे सामान भावाने तिला बांधून दिले. आजीने आपली निळी पिशवी नातीला दिली आहे. पिशवीत काय काय ठेवायचे यावर काल दोघींचे बरेच चालले होते. वंदनेचे पुस्तक वर, कागद मध्ये, भाकरीचे गाठोडे तळाला. ब्रशचे केस दबतील म्हणून मुलगी तो हातात धरून नेते म्हणत होती; आजीने तो काढून घेतला आणि भाकरीच्या फडक्यात उभा खोवून दिला.